पहिलं प्रेमगीत गिटारवर: उजवा हात थांबू द्यायचा नाही

माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक गाणं आधीच ठरलेलं असतं. कुणाला बायकोच्या वाढदिवसाला वाजवायचं असतं, कुणाला कॉलेजच्या गॅदरिंगला. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांना लग्नाच्या वाढदिवशी काकूंसमोर बसून एकच गाणं म्हणायचं होतं. ‘बाकी काही आलं नाही तरी चालेल,’ असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. मला ही मागणी फार आवडते. एका माणसासाठी एक गाणं शिकणारा रियाजाला दांडी मारत नाही.

अडचण गाण्याच्या निवडीत येते. जे गाणं मनात असतं ते हाताला झेपणारं असेलच असं नाही, आणि मग दुसऱ्या महिन्यात गिटार कपाटावर जाते. म्हणून क्रमाने सांगते. घाईत असाल तर निदान उजव्या हाताचा भाग वाचाच, कारण माझं मुख्य म्हणणं तिथे आहे.

आधी गिटार हाताला सोसेल अशी करून घ्या

सुरुवातीला साधारण पाच ते दहा हजारांतली अकूस्टिक गिटार पुरते. किमतीपेक्षा ‘ॲक्शन’ महत्त्वाची, म्हणजे तार आणि फ्रेटबोर्ड (गिटारच्या मानेवरची, धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेली फळी) यांच्यातलं अंतर. दोन पट्ट्यांमधलं प्रत्येक घर म्हणजे एक फ्रेट. बाराव्या फ्रेटपाशी हे अंतर दोन-अडीच मिलिमीटर असेल तर बोटं टिकतात. चार मिलिमीटर असेल तर तुमची काही चूक नाही, ती गिटार कुणालाच सुखाने वाजवता येणार नाही. दुकानात किंवा गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे ‘सेटअप’ करून मागा. तारा बदलताना हलका संच घ्या, ज्यात पहिली तार ०.०१० इंचाची असते. बारा नंबरच्या संचापेक्षा बोटांना बराच आराम मिळतो.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, ॲक्शन वर येते आणि तारांना गंज चढतो. वाजवून झालं की सुती कापडाने प्रत्येक तार पुसा, बॅगेत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका आणि गिटार बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

डाव्या हाताची नखं बोटाच्या टोकापर्यंत कापलेली हवीत. बोटांची टोकं पहिले दोन-तीन आठवडे दुखतात, मग कातडी घट्ट होते. ते दुखणं चालेल. मनगट किंवा कोपर दुखत असेल तर मात्र थांबा. अंगठा गिटारच्या मानेला आवळून बसला आहे का ते बघा, बहुतेक वेळा कारण तेच असतं.

आणि रोज, न चुकता, वाजवण्याआधी ट्यूनिंग. फोनवर फुकट मिळणारं कुठलंही ट्यूनर ॲप घ्या. जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई. बेसूर गिटारवर केलेला सराव कानाला चुकीची सवय लावतो, आणि ती मोडायला फार वेळ लागतो.

चार कॉर्ड, आणि एक न हलणारं बोट

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ. बहुतेक ठिकाणी सी, डी, ई, एफ अशा क्रमाने कॉर्ड शिकवतात. एफ आला की निम्मे विद्यार्थी गळतात. मी वेगळ्या चौकडीपासून सुरुवात करते: जी, सी ॲड नाइन, ई मायनर सेव्हन आणि डी. नावं जड वाटली तरी हात हलके राहतात.

जी असा धरा. मधलं बोट सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये. तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये. अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, पण पट्टीवर नाही. तिथे निम्म्या जोरात सूर स्वच्छ येतो.

आता अनामिका आणि करंगळी जागेवरच ठेवा. तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही एकेक तार खाली, बारीक तारांच्या दिशेने सरकवा. मधलं बोट पाचव्या तारेवर तिसऱ्यात, तर्जनी चौथ्या तारेवर दुसऱ्यात. झाला सी ॲड नाइन. सहावी तार वाजवायची नाही.

परत जी धरा. तर्जनी पाचव्या तारेवर आहे तिथेच राहू द्या, मधलं बोट उचलून चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये ठेवा. हा ई मायनर सेव्हन. जिथे ई मायनर लिहिलेला असेल तिथे हा वाजवला तर बहुतेक वेळा गोडच लागतो.

डी साठी फक्त अनामिका दुसऱ्या तारेवर राहते. करंगळी उचला, तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्यात, मधलं बोट पहिल्या तारेवर दुसऱ्यात. चौथ्या तारेपासून खाली वाजवा.

चारही कॉर्डमध्ये अनामिका हललेली नाही. नवशिक्याचा हात कॉर्ड बदलताना हवेत उडतो आणि परत कुठे उतरायचं हे शोधत राहतो. एक बोट खुंट्यासारखं रोवलेलं असलं की बाकीच्यांना वाट सापडते. हे एकदा हाताला कळलं की मी मुलांना डोळे मिटून बदल करायला लावते, आणि आपल्याला जमतंय हे बघून त्यांचे चेहरे उजळतात.

सराव असा करा. फोनवर एक मिनिटाचा टायमर लावा. जी ते सी ॲड नाइन, प्रत्येकावर एकच स्ट्रोक, म्हणजे उजव्या हाताचा तारांवरून एक फटकारा, आणि बदल मोजा. पहिल्या दिवशी पंधरा होतील. वहीत लिहा. तीस झाले की ती जोडी गाण्यात वापरायला तयार झाली, साठ झाले की त्याकडे लक्ष द्यायची गरज उरत नाही. अशा तीन जोड्या, म्हणजे रोजची तीन मिनिटं.

उजवा हात

खूप वर्षांपूर्वी ताईच्या साखरपुड्यात मला गिटार घेऊन बसवलं होतं. कॉर्ड पाठ होते, गाणं पाठ होतं. दुसऱ्या ओळीत एक बदल चुकला, मी थांबले, बोटं नीट लावली आणि पुन्हा सुरू केलं. मग परत तसंच. चौथ्यांदा थांबले तेव्हा टाळीचा ठेका धरून बसलेली माणसं एकेक करून हात खाली घेत होती. चुकीचा कॉर्ड कुणालाच खटकला नव्हता, थांबलेला ठेका सगळ्यांना खटकला. त्या दिवसापासून माझ्या शिकवण्यात एकच नियम सगळ्यांत वर आहे: डावा हात चुकला तरी उजवा हात थांबणार नाही.

आपल्या कानांना केरवा आणि दादरा हे ताल लहानपणापासून ठाऊक असतात, त्याचा फायदा घ्या. केरव्याच्या आठ मात्रा मोजा: धा गे ना ति, न क धि न. हात लोलकासारखा हलवत ठेवा. एक, तीन, पाच, सात या मात्रांना हात खाली, दोन, चार, सहा, आठ यांना वर. आता सगळ्या मात्रांना तारा वाजवायच्या नाहीत. एक, तीन, चार, सहा, सात, आठ या वाजवा. दोन आणि पाचला हात हलेल, पण तारांना स्पर्श करणार नाही. कानाला ऐकू येईल: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. हिंदी-मराठी चित्रपटगीतांपैकी केवढी तरी या एका ठेक्यावर म्हणता येतात.

गंमत म्हणजे केरव्याची ‘खाली’, म्हणजे तालातली बिनजोराची जागा, पाचव्या मात्रेलाच येते, आणि आपल्या स्ट्रमिंगमध्येही, म्हणजे हात वर-खाली करत तारा वाजवण्यात, पाचवी मात्रा मोकळी जाते. तबला ऐकत वाढलेल्यांना हे सांगितलं की तो हवेतला स्ट्रोक लगेच पटतो. ज्यांना पटत नाही ते पाचव्या मात्रेला हात रोखून धरतात आणि मग सहावी नेहमी उशिरा येते.

हे आधी मुक्या तारांवर करा. डावा हात सगळ्या तारांवर नुसता पसरून ठेवा, म्हणजे ‘चक् चक्’ एवढाच आवाज येईल. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र किंवा ॲप, ६० वर. तीन दिवस फक्त एवढंच. चौथ्या दिवशी जी धरा. पाचव्या दिवशी दर आठ मात्रांनी जी आणि सी ॲड नाइन आलटून पालटून. कॉर्ड वेळेत लागला नाही तर मोकळ्या तारा वाजू द्या, पण हात चालू ठेवा. मेट्रोनोम पाच-पाचने वाढवा, त्यापेक्षा मोठी उडी नको.

आता गाणी

पहिल्या आठवड्यासाठी बीटल्सचं १९६२चं ‘लव्ह मी डू’ घ्या. जवळजवळ सगळं गाणं जी आणि सी या दोनच कॉर्डवर आहे, मधल्या तुकड्यात डी येतो. इथे आणि पुढेही सी लिहिला असेल तिथे आपला सी ॲड नाइन वाजवा. शब्द इतके थोडे की सगळं लक्ष हाताकडे देता येतं.

दुसरं, आणि माझं सगळ्यात लाडकं, बेन ई. किंगचं १९६१चं ‘स्टँड बाय मी’. आठ मापांचं एक चक्र आहे आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलत नाही: दोन मापं जी, दोन ई मायनर, एक सी, एक डी, परत दोन जी. प्रत्येक माप म्हणजे आपल्या वरच्या आठ मात्रा. मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवायचं असेल तर कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, दुसऱ्या फ्रेटवर लावा. चक्र पाठ झालं की विचार करावा लागत नाही, आणि विचार करावा लागला नाही की गाता येतं.

एरिक क्लॅप्टनचं १९७७चं ‘वंडरफुल टुनाईट’ त्यानंतर. जी, डी, सी, डी अशी संथ चाल, मध्ये ई मायनर. संथ गाणं सोपं असतं असं समजू नका. दोन स्ट्रोकमध्ये रिकामी जागा जास्त असते आणि तिथे हात घाई करतो. मेट्रोनोम इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

तुम्हाला हिंदीच हवं असेल तर ‘तुम ही हो’पासून सुरू करा. २०१३च्या ‘आशिकी २’मधलं मिथूनचं हे गाणं ई मायनर, सी, डी, जी या घरात बसतं, म्हणजे आपली चौकडी तशीच्या तशी. इथे दर मापाला एकच मोकळा खालचा स्ट्रोक मारून आधी पूर्ण गाणं म्हणा, पूर्ण स्ट्रमिंग नंतर आणा. १९६०च्या ‘दिल अपना और प्रीत पराई’मधलं ‘अजीब दास्ताँ है ये’ त्याहून सोपं. त्याचा मुखडा जी, सी, डी या तीन कॉर्डवर म्हणता येतो. विरहाचं गाणं आहे, पण घरच्या मैफलीत ते सुरू झालं की आजीपासून नातवापर्यंत सगळे म्हणतात, आणि नवशिक्याला अशी साथ फार धीर देते.

दादऱ्याच्या अंगाने जाणारी गाणी वेगळी ठेवा. सहा मात्रा, पहिलीवर जोर, चौथीवर थोडा कमी. सुरुवातीला सहाही स्ट्रोक खालीच मारा, फक्त पहिला भरीव आणि बाकीचे हलके. १९७२च्या ‘शोर’मधलं ‘एक प्यार का नगमा है’ या वळणाचं आहे. एड शीरनचं २०१७चं ‘परफेक्ट’ही सहाच्याच झोक्यात चालतं: जी, ई मायनर, सी, डी, कॅपो पहिल्या फ्रेटवर. एल्विस प्रेस्लीचं १९६१चं ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ तसंच, पण त्यात एफ येतो. तिथे बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा आकार, न घेता एफ मेजर सेव्हन धरा: चौथी तार तिसऱ्यात, तिसरी दुसऱ्यात, दुसरी पहिल्यात, पहिली मोकळी. मला तर त्या गाण्यात हाच जास्त हळवा वाटतो.

‘नीले नीले अंबर पर’ हवं असं प्रत्येकजण म्हणतो. १९८३च्या ‘कलाकार’मधल्या या गाण्याचा जीव तारा छेडण्यात, म्हणजे प्लकिंगमध्ये आहे. ई मायनर, ए मायनर, डी, जी असे साधे कॉर्ड धरून म्हणता येतं, पण अंगठ्याने खर्जाची तार आणि मग तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी, तिसरी असं एका लयीत छेडायला बोटांना तीन-चार महिने द्या. पहिल्या महिन्यात हे घेतलेले फार जण निराश होताना मी पाहिलेत.

मराठीत ‘मुंबई-पुणे-मुंबई’मधलं ‘कधी तू’ किंवा ‘दुनियादारी’मधलं ‘टिक टिक वाजते’ यांसारखी गाणी गिटारला सहज घेतात. ‘शुक्रतारा मंद वारा’सारखं भावगीत मात्र जोरदार स्ट्रमिंगने सपाट होतं. त्यातल्या जागा नाजूक आहेत, तिथे ओळीच्या सुरुवातीला एक कॉर्ड हळूच सोडा आणि गळ्याला काम करू द्या. ‘जीव रंगला’चा मोह सुरुवातीला आवरा. तिथे कॉर्डपेक्षा गायकीच अवघड आहे.

मराठी गाण्यांचे कॉर्ड इंटरनेटवर मिळतात, पण बरेचदा चुकीचे असतात. स्वतः शोधायला शिका. गाणं गुणगुणा आणि मुखडा जिथे येऊन विसावतो तो सूर जाड तारेवर सापडेपर्यंत एकेक फ्रेट पुढे जा. तो तुमचा सा. तो ‘जी’वर (जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर) असेल आणि गाण्याचा भाव उजळ असेल तर जी, सी, डी, ई मायनर, ए मायनर एवढेच आधी वापरून बघा. ओळ जिथे ताणलेली वाटते तिथे बहुधा डी असतो, जिथे घरी आल्यासारखी वाटते तिथे जी.

गळ्याची पट्टी आणि कॅपो

हा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग गाणं ओरडून म्हणतात. गायकाची पट्टी ती तुमची पट्टी नव्हे. हार्मोनियमवर तुम्ही काळी एकमध्ये गाता की काळी चारमध्ये हे माहीत असेल तर हिशेब सोपा आहे. कॅपो एक फ्रेट पुढे म्हणजे पेटीवरची लगेच पुढची पट्टी, काळी असो की पांढरी. जीच्या आकारांनी वाजवताना कॅपो नसेल तर पांढरी पाच, पहिल्या फ्रेटवर काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच. सीच्या आकारांनी कॅपो नसेल तर पांढरी एक, पहिल्यावर काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन.

पेटी घरात नसेल तर गाण्यातली सगळ्यात उंच ओळ आधी म्हणून बघा. ती बसून, न ताणता म्हणता आली पाहिजे. त्याप्रमाणे कॅपो ठरवा आणि जागा वहीत लिहून ठेवा. कॅपो लावल्यावर तारा किंचित चढतात, म्हणून परत एकदा ट्यूनर लावायचा. बँकेतल्या काकांचं गाणं मूळ पट्टीत त्यांना झेपत नव्हतं, ते महिनाभर स्वतःच्या आवाजाला दोष देत होते. चार फ्रेट खाली आणलं आणि त्यांचा खरा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. भरदार होता.

गाणं आणि वाजवणं एकत्र

दोन्ही वेगवेगळं येतं आणि एकत्र केलं की सुटतं, हे प्रत्येकाचं होतं. एकदम गाऊ नका. आधी स्ट्रमिंग चालू ठेवून शब्द नुसते बोला, कविता म्हणतात तसे, ठेक्यात. मग एकाच सुरात. मग चालीत. कॉर्ड ओळीतल्या कोणत्या अक्षरावर बदलतो ते अक्षर वहीत लाल पेनाने गोल करा. बदल तिथेच व्हायला हवा, शब्दाच्या आधी किंवा नंतर नाही. अडेल ती एकच ओळ घेऊन वीस वेळा म्हणा, दर वेळी गाण्याच्या सुरुवातीपासून नको. नाहीतर मुखडा उत्तम येतो आणि अंतरा कायम कच्चा राहतो.

रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज. पाच मिनिटं ट्यूनिंग आणि मुक्या तारांचा ठेका, तीन मिनिटं कॉर्डच्या जोड्या, सात मिनिटं गाण्यातली अडणारी ओळ, आणि उरलेली पाच मिनिटं पूर्ण गाणं न थांबता, कितीही चुकलं तरी. रविवारी दोन तास बसून बाकी आठवडा सुट्टी घेतली तर बोटांची टोकं परत मऊ होतात. गिटार बॅगेत बंद ठेवू नका, स्टँडवर डोळ्यांसमोर ठेवा.

आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करा आणि लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐका. कॉर्ड ऐकू नका, ठेका ऐका. कुठे घाई झाली, कुठे दम घेतला, ते टिपा.

ज्या दिवशी वाजवायचं आहे त्या दिवशी

नव्या तारा आदल्या दिवशी लावू नका, त्या सतत उतरत राहतात. चार-पाच दिवस आधी लावा. खोलीत आल्यावर, गिटार तिथल्या हवेत दहा मिनिटं राहू दे, मग ट्यून करा. हात नसलेल्या खुर्चीवर बसा. सरावापेक्षा थोड्या कमी वेगात सुरुवात करा, कारण समोर माणूस असला की वेग आपोआप वाढतो. एक चक्र नुसतं वाजवा आणि मग गायला लागा, तेवढ्यात श्वास बसतो. शब्द विसरलात तर गुणगुणा, हात चालू ठेवा.

शेवट आधीच ठरवून ठेवा. शेवटची ओळ म्हणताना स्ट्रमिंग हळू करत या, जी एकदाच, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सावकाश ओढा आणि तो पूर्ण विरेपर्यंत हात हलवू नका. ‘चुकलं का?’ असं लगेच विचारू नका. काकांनी त्या संध्याकाळी तो शेवटचा जी सोडला तेव्हा काकू काहीच बोलल्या नाहीत, उठून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या, आणि तार अजून वाजत होती.